अर्ध्या भिंगाची कैफियत

मोठ्या फिल्मच्या, भात्याच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्याचा नाद अलीकडे पुन्हा कित्येक तरुणांस लागला आहे, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. तिपाई रोवावी, डोक्यावर काळे कापड घ्यावे, घासलेल्या काचेवर उलटी पडलेली प्रतिमा न्याहाळावी, आणि मग चार इंच रुंद व पाच इंच उंच अशा एका फिल्मवर एकच चित्र घ्यावे, हा खटाटोप मुठीत मावणाऱ्या यंत्राच्या या काळात कोणी स्वखुशीने करीत असेल तर त्याच्या चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे. परंतु या नव्या मंडळींबरोबर एक जुना गैरसमजही परत आला आहे, आणि तो तज्ज्ञपणाच्या थाटात सांगितला जात असल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग आहे. तो असा : जुन्या जोडभिंगाचा एक अर्ध काढून टाकून उरलेल्या अर्धाने माणसाचा चेहरा टिपू नये, ते काम ओबडधोबड होते, भिंग मंद पडते, चित्र धूसर येते, ज्यास व्यक्तिचित्र घ्यावयाचे असेल त्याने लांब नाभ्यंतराचे नवे भिंग विकत घ्यावे, नाहीतर घरी स्वस्थ बसावे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. चेहऱ्यासाठी, आणि विशेषेकरून घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या चेहऱ्यासाठी, हे अर्धे भिंग नुसते चालण्याजोगे आहे असे नव्हे, तर सामान्य ऐपतीच्या मनुष्यास त्याहून चांगले साधन मिळणे कठीण आहे.

हा वाद कारागिरांच्या दुकानात मिटवावा, वाङ्मयाच्या मासिकात तो कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की ज्या चित्रासमोर घरातली माणसे वर्षश्राद्धाच्या दिवशी हात जोडतात, ते चित्र कसे निघाले हा प्रश्न कारागिरांपुरता राहत नाही. आज बहुतेक घरांतून काय होते ते वाचकांनी आठवून पाहावे. माणूस गेल्यावर मग धावपळ सुरू होते. कोणाच्या तरी लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो सापडतो. त्यातून आजोबांचे डोके कापून काढतात. शेजारच्या वऱ्हाड्याचा खांदा पुसून टाकतात. मागे निळा रंग भरतात. आणि तेच मग वृत्तपत्रात छापतात व तेच भिंतीवर हार घालून लावतात. किंवा नातवाने हात लांब करून मोबाइलवर घेतलेले चित्र मोठे करून आणतात, ज्यात नाक पुढे आलेले असते व कान मागे पळालेले असतात. ऐंशी वर्षे जगलेल्या मनुष्याचे हे शेवटचे रूप! त्याच भिंतीवर पणजोबांचा जो पिवळा पडलेला फोटो असतो तो मात्र माणसाचा वाटतो. असे का व्हावे? जुने ते सोने, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याचे कारण मोजपट्टीने दाखविता येते, आणि ते आम्ही पुढे दाखविणार आहोत.

प्रथम जोडभिंग म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. बाजारात ज्यास कन्व्हर्टिबल लेन्स म्हणतात त्यास आम्ही या लेखापुरते हे नाव दिले आहे. त्यात डायफ्रॅमच्या पुढे एक आणि मागे एक असे काचांचे दोन गट बसविलेले असतात. दोन्ही मिळून एक भिंग होते. परंतु रचना अशी की एक गट फिरवून काढून घेतला तरी दुसरा एकट्याने काम करू शकतो, आणि तसे केले म्हणजे नाभ्यंतर पावणेदोन पटीच्या आसपास वाढते. नाभ्यंतर म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जेवढ्या अंतरावर स्पष्ट पडते ते अंतर. ते जितके मोठे तितकी प्रतिमा मोठी. ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. पॅरिसचा शार्ल शव्हालिए १८४०च्या सुमारासच गट अदलून-बदलून वापरावयाची भिंगे करीत होता. १८६६ साली लंडनात डॉलमायरने व म्यूनिकमध्ये श्टाइनहाइलने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दोन सारख्या अर्धांचे जे भिंग काढले त्याचाही एक अर्ध एकटा वापरीत. पुढे १८९०नंतरच्या दशकात येना येथील झाइसच्या कारखान्यात पाउल रुडॉल्फने प्रोटार भिंगाचा प्रत्येक अर्ध चार काचा चिकटवून केला, बर्लिनच्या गॉर्त्स कंपनीसाठी एमिल फॉन ह्योगने १८९२ साली तीन-तीन काचांचे डागोर काढले, आणि अमेरिकेत रॉचेस्टर येथे टर्नर-राइख भिंगात तर एकेका अर्धात पाच काचा चिकटविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील क्रॉइत्सनाख येथील श्नायडर कंपनीचे सिमार भिंग आले. त्याची एक जात दोन्ही अर्ध मिळून १५० मिलिमीटर नाभ्यंतराची व एफ/५.६ इतक्या छिद्राची आहे. पुढचा अर्ध काढला की ती २६५ मिलिमीटर व एफ/१२ अशी होते. अर्ध्या भिंगासाठी छिद्राचे आकडे हिरव्या रंगात निराळे कोरलेले असतात, म्हणजे कंपनीने हा उपयोग चोरून नव्हे तर राजरोस सांगितलेला आहे. जुन्या बाजारात आज जी जोडभिंगे विशेष अडचण न पडता मिळतात त्यांत हे एक असल्याने पुढील सर्व हिशेब आम्ही याचेच देतो.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप धूसरपणाचा. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन अर्ध समोरासमोर बसविले म्हणजे पुढचा अर्ध ज्या कित्येक चुका एका दिशेस करतो, त्या मागचा उलट दिशेस करून फेडून टाकतो; सरळ रेषेचे वाकणे, कडेकडेला रंग फाटणे, कोपऱ्यातील ठिपक्यास शेपूट फुटणे हे दोष त्यामुळे पुष्कळसे नाहीसे होतात. एक अर्ध काढला की ही फेड थांबते व दोष पुन्हा डोके वर काढतात. एवढे म्हणून आमचे प्रतिपक्षी थांबतात. परंतु हे दोष चित्रात कोठे दिसतात? कडेला. आणि व्यक्तिचित्रात कडेला काय असते? खुर्चीची पाठ, शालीचा पदर, मागचा पडदा. २६५ मिलिमीटरांचे भिंग ४ × ५ इंची फिल्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अवघा बत्तीस अंशांचा कोन पाहते. चेहरा त्याच्याही मध्यभागी. ज्या काचा मुळात सत्तर अंशांचे दृश्य झेलण्यासाठी घासल्या, त्यांच्या मधला हा छोटासा भाग वापरावयाचा आणि वर कडेच्या दोषांची कागाळी करावयाची, हा न्याय आम्हांस कळत नाही.

शिवाय सूक्ष्मतेची गरज किती याचाही हिशेब कोणी करीत नाही. ४ × ५ इंची निगेटिव्हवरून ८ × १० इंची छाप काढला तर मोठेपणा दुप्पट होतो. वाचनाच्या अंतरावरून चांगल्या डोळ्यास एका मिलिमीटरात पाच ते सात रेषांच्या जोड्या वेगळ्या दिसतात. म्हणजे निगेटिव्हवर दहा ते चौदा असल्या की झाले. एफ/२२ वर आणलेले अर्धे सिमार मध्यभागी याहून कितीतरी अधिक देते. मग उरलेली सूक्ष्मता कोणासाठी हवी? नव्या भिंगांच्या जाहिरातीतले तक्ते पाहून ज्यांच्या तोंडास पाणी सुटते त्यांनी हे एकदा सांगावे. भिंतीवरचे चित्र हातात सूक्ष्मदर्शक घेऊन पाहणारा पाहुणा अद्याप आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही.

या ठिकाणी एक गमतीची साक्ष काढण्यासारखी आहे. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे काही छायाचित्रकारांनी एक मंडळ काढले आणि त्यास नावच एफ/६४ असे दिले. म्हणजे छिद्र बारीकात बारीक व चित्र स्पष्टात स्पष्ट, हे त्यांचे ब्रीद. धूसर, भावविवश चित्रांचे हे मंडळ कट्टर वैरी. त्याच मंडळातील ॲन्सेल ॲडम्स याने १९४१ साली न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या गावावर उगवलेल्या चंद्राचे जे जगप्रसिद्ध चित्र घेतले, ते कुक कंपनीच्या जोडभिंगाच्या एकाच घटकाने घेतलेले आहे. स्पष्टतेच्या देवळाचा पुजारीच अर्ध्या भिंगाने पूजा करीत होता! ते चित्र देखाव्याचे, चेहऱ्याचे नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु देखाव्यात कोपऱ्यातले झुडूपही स्पष्ट लागते. तेथे जे चालले ते आजीच्या चेहऱ्यास का चालू नये?

आता दुसरी गोष्ट. एफ/१२ वर, म्हणजे छिद्र पुरते उघडे असताना, अर्ध्या भिंगाच्या प्रतिमेवर एक मंद तेज असते हे खरे. काचेच्या मध्यातून गेलेले किरण एका ठिकाणी मिळतात, कडेतून गेलेले थोडे अलीकडे मिळतात. त्यामुळे रेषा स्पष्ट राहून तिच्याभोवती पातळ उजेड पसरतो. हा प्रकार आणि फोकस चुकणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. फोकस चुकला म्हणजे पापणीचा केस दिसतच नाही. येथे केस दिसतो, फक्त तो टोचत नाही. छिद्र एफ/१६ केले की हे तेज ओसरू लागते, एफ/२२ वर बहुतेक जाते, एफ/३२ वर चित्र कोरडे ठणठणीत होते. सुरकुती किती बोलावी आणि किती गप्प राहावी हे याप्रमाणे एका कड्याच्या फिरवण्यावर ठरते, आणि तो निर्णय चित्र घेणाऱ्याने त्या माणसाकडे पाहून, चित्र घेण्यापूर्वी, करावयाचा असतो. याउलट आजची रीत पाहा. आधी असे भिंग आणावयाचे की गालावरचे एकेक छिद्र मोजून घ्यावे; मग तेच चित्र संगणकावर घालून सगळ्या गालास इस्त्री फिरवावयाची. जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवीत व सुरकुत्या बुजवीत, त्यांस आम्ही निर्दोष ठरवीत नाही. पण निदान त्यांच्या पेन्सिलीस एक हात होता आणि त्या हातास थोडी लाज होती. आताचे यंत्र सत्तर वर्षांच्या बाईंस न विचारता परस्पर तिशीची करून परत देते.

दुसरा आरोप मंदपणाचा : एफ/१२ म्हणजे अंधारच, घासलेल्या काचेवर काही दिसत नाही, माणूस हलतो. पूर्ण भिंगाच्या मानाने काचेवर साडेचार पटींनी कमी उजेड पडतो, हे गणित बरोबर आहे. त्यावर उपाय जाड काळ्या कापडाचा व दोन मिनिटांच्या धीराचा आहे. डोळा अंधारास सरावतो. परंतु मोठी गंमत अशी की ही मंदता ज्यांस खुपते ते स्वतः चेहऱ्याचे चित्र घेताना छिद्र बारीकच करतात, कारण त्यावाचून गत्यंतर नाही. दोन मीटरांवर बसलेल्या माणसाचे डोके व खांदे या भिंगाने घेतले तर एफ/१२ वर जेमतेम बारा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत. तोच चेहरा तेवढाच मोठा एफ/५.६ वर घेतला तर साडेपाच सेंटिमीटरसुद्धा धड येत नाही. डोळा धरावा तर नाक सुटते. मोठ्या फिल्मवर चेहरा घेणारास एफ/५.६ चा उपयोग फोकस लावण्यापुरता. ज्याच्यासाठी एवढा आग्रह, ते वापरावयाचेच नाही!

माणूस हलण्याविषयी म्हणाल, तर उघड्या सावलीत, म्हणजे ओसरीवर किंवा अंगणाच्या कडेस, चारशे वेगाच्या फिल्मवर एफ/१२ ला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. अशी फिल्म इल्फर्ड कंपनी आजही ४ × ५ इंची आकारात करते. घरात खिडकीपाशी बसविल्यास पाव सेकंद लागेल. पाव सेकंद स्थिर बसणे म्हातारपणी कठीण नसते. ती कला म्हाताऱ्यांस आपल्याहून अधिक येते. आमचे तर असे निरीक्षण आहे की ज्यास स्थिर बसावयास सांगितले आहे त्याच्या तोंडावरचे दिखाऊ हसू हळूहळू उतरते, आणि मग त्याचा स्वतःचा चेहरा वर येतो. जुन्या फोटोंतली माणसे गंभीर दिसतात म्हणून आपण हसतो, पण ती स्वतःसारखी दिसतात हे विसरतो.

आणि आता मुख्य मुद्दा. वर आम्ही मोजपट्टीचे आश्वासन दिले आहे ते येथे पुरे करतो. चेहऱ्याचे रूप भिंगाच्या किमतीवर अवलंबून नसते, ते अंतरावर अवलंबून असते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत बारा सेंटिमीटर धरा. मोबाइल हात लांब करून धरला तर तो चेहऱ्यापासून सुमारे पन्नास सेंटिमीटरांवर असतो; त्या अंतरावरून कान नाकाच्या मानाने शेकडा एकोणीसने लहान उमटतो. १५० मिलिमीटरांचे पूर्ण भिंग लावून डोके व खांदे फिल्मभर घ्यावयाचे तर कॅमेरा एक मीटर तेरा सेंटिमीटरांपर्यंत जवळ न्यावा लागतो. तेथून कान साडेनऊ टक्क्यांनी लहान होतो. पुढचा अर्ध काढून तेवढाच मोठा चेहरा घ्यावयाचा तर कॅमेरा दोन मीटरांवर सरकतो, आणि कान पावणेसहा टक्क्यांनीच लहान होतो. एकोणीस, साडेनऊ आणि पावणेसहा. नातवाच्या मोबाइलमध्ये आजोबांचे नाक का फुगते आणि पणजोबांचे त्या पिवळ्या फोटोत का फुगत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. संगणकाने मागचा भाग कितीही पुसट केला, त्यास 'पोर्ट्रेट' असे भारदस्त नाव दिले, तरी जेथून पाहिले ती जागा बदलत नाही, आणि जागा बदलल्यावाचून नाक मागे जात नाही.

हे दोन मीटर आम्ही मनचे काढलेले नाहीत. आपण आपल्या माणसांस कोठून ओळखतो याचा विचार करावा. आजोबा झोपाळ्यावर बसलेले असतात, आपण समोरच्या खुर्चीत. आई पाटावर, आपण उंबऱ्याशी. वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र चाळीत आहेत आणि आपण दारातून काही विचारीत आहोत. ही सगळी अंतरे दीड-दोन मीटरांची आहेत. मनात जो चेहरा ठसलेला असतो तो या अंतरावरचा. पन्नास सेंटिमीटरांवरून मोठ्या माणसाचा चेहरा फक्त तान्हे मूल आणि डोळ्यांचे डॉक्टर पाहतात. तेव्हा जे भिंग छायाचित्रकारास बोटभरही जवळ येऊ न देता, बोलण्याच्या अंतरावर उभे राहावयास भाग पाडते, ते व्यक्तिचित्रास अयोग्य कसे? याशिवाय त्या अंतरामुळे बसलेल्या माणसावरचे दडपणही उतरते. हातभर अंतरावर मोठे काळे भिंग रोखून ठेवले तर धीट मनुष्यही आक्रसतो. दोन मीटरांवरून त्याच्याशी चार शब्द बोलता येतात, त्याच्या गावाविषयी विचारता येते.

येथे प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उत्तर येते, आणि ते टाळणे आम्हांस शोभणार नाही. ते म्हणतील, अंतराचे सर्व मान्य. मग मुळातच तीनशे मिलिमीटरांचे पूर्ण भिंग का घेऊ नये? त्यात अंतरही मिळेल आणि दोषही उरणार नाहीत. ज्याच्यापाशी असे भिंग आहे त्याने ते खुशाल वापरावे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु एफ/५.६ चे तीनशे मिलिमीटरांचे भिंग एखाद्या भरल्या तांब्याएवढे जड असते, त्यास मोठे शटर लागते, आणि हलक्या लाकडी कॅमेऱ्याचे पुढचे फळकूट त्याच्या भाराने वाकते. पैशाची गोष्ट निराळीच. आणि ज्यास हे लोक 'नवे' म्हणतात ते आता नवे राहिले आहे काय? निकॉनने मोठ्या कॅमेऱ्याची भिंगे करणे २००६ सालीच थांबविले. इतरांनीही एकामागून एक हात आखडता घेतला. म्हणजे जुने नको म्हणून जे घ्यावयास सांगतात तेही बहुधा कोणाच्या तरी कपाटातून निघालेले जुनेच असते. श्नायडरने १९७०च्या दशकात सिमारची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत अर्धे भिंग वापरण्याची सोय काढून टाकली, आणि त्या दिवसापासून जुन्या सिमारकडे दुय्यम म्हणून पाहण्याची रीत पडली. पूर्ण भिंग त्यामुळे अधिक चोख झाले हे मान्य. पण एका नळीत दोन भिंगे होती, तेथे एकच राहिले. खुद्द कुक कंपनीस या शतकाच्या आरंभी आपले जुने जोडभिंग पुन्हा नव्याने काढावेसे वाटले, ते वेडाने खास नव्हे.

इतका वेळ आम्ही एका पंथाशी भांडत होतो. दुसऱ्याचीही विचारपूस केली पाहिजे, नाहीतर ते आम्हांस आपल्यात ओढतील. हा पंथ धूसरतेच्या भक्तांचा. यांच्या मते जुन्या पितळी भिंगात काही गूढ आत्मा वास करतो; काच जितकी पिवळी, जितकी ओरखडलेली, तितकी चित्रात कविता अधिक. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचे नाव ते उठता-बसता घेतात. कलकत्त्यास १८१५ साली जन्मलेल्या या बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॅमेरा हाती घेतला व कार्लाइल, हर्शेल यांची १८६७ साली जी चित्रे घेतली ती आजही पाहणारास थांबवितात; तिच्या काळच्या टीकाकारांनी तिच्यावर फोकस न साधल्याचा ठपका ठेवला होता, हेही खरे. परंतु तिने अर्धे भिंग वापरले म्हणून ती मोठी झाली असे नाही, आणि तिच्या चित्रांतील सामर्थ्य तिच्या धूसरतेत होते असेही नाही. ते तिच्या पाहण्यात होते. तिची पुसट कड उचलावयाची आणि तिचा डोळा तेथेच सोडावयाचा, हा या भक्तांचा व्यवहार. यांच्यामुळे दुकानदारांचे मात्र फावते. काचांच्या मधला बाल्सम सुटून इंद्रधनुष्ये दिसू लागलेले, बुरशीने जाळे विणलेले भिंग 'स्वप्नमय' या विशेषणासह दुप्पट किमतीस खपते. अर्धे भिंग ही साधी, मोजता येणारी वस्तू आहे. तिचा गुण अंतरात व कड्यावरच्या आकड्यांत आहे. ज्यास मंत्रतंत्र हवे असतील त्याने दुसरीकडे जावे.

वापराच्या दोन-चार गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. सिमारचा पुढचा अर्ध काढावा व मागचा जागेवर ठेवावा. अशा मांडणीत भाता नाभ्यंतराहून बराच अधिक ताणावा लागतो; दोन मीटरांवरच्या माणसासाठी साडेतीनशे मिलिमीटरांचा भाता हाताशी असलेला बरा. भाता तोकडा असल्यास काहीजण अर्ध शटरच्या पुढे लावतात. त्याने भाता वाचतो पण प्रतिमा बिघडते. भाता ताणल्याने उजेड सुमारे पाऊणपट उरतो, तेवढा वेळ वाढवावा. फोकस ज्या छिद्रावर चित्र घ्यावयाचे त्याच छिद्रावर लावावा, कारण अर्ध्या भिंगात छिद्र लहान केले की फोकसची जागा सरकते; ही एक गोष्ट न पाळल्यामुळे जितक्या लोकांनी या भिंगास नावे ठेवली आहेत तितक्या लोकांनी त्याच्या खऱ्या दोषांमुळे ठेवलेली नाहीत. कृष्णधवल फिल्मवर पिवळी काच लावल्यास रंग फाटण्याचा दोष पुष्कळ दबतो. तांबड्या रंगास आंधळी असलेली ऑर्थो फिल्म मात्र आपल्याकडच्या सावळ्या वर्णास नको. ती चेहरा विनाकारण काळवंडून टाकते. आणि या भिंगाने इमारती घेऊ नयेत. तेथे रेषा वाकतात, आणि आम्हीही आमच्या प्रतिपक्षाच्या बाजूचे होतो.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हापासून हे भात्याचे कॅमेरे आपल्या प्रांतात नांदत आले आहेत. आज ते कोठे आहेत? चोरबाजारात, आणि तेथून उपाहारगृहांच्या दर्शनी भागात, शेजारी तुटका ग्रामोफोन व पितळी घंगाळ ठेवून. ज्या गावात जुना स्टुडिओ अजून तग धरून आहे तेथेही मागच्या खोलीत असा एखादा कॅमेरा धूळ खात उभा असतो, आणि मालक तो 'शोभेसाठी' विकावयास तयार असतो. त्याच्या पुढच्या फळकुटावर कोणते भिंग आहे हे वाचकांनी एकदा वाकून पाहावे. कड्यावर नाभ्यंतराचे एकाऐवजी दोन आकडे कोरलेले असले तर मालकाकडे मऊ फडके मागावे, पुढचा अर्ध डावीकडे फिरवून अलगद काढावा, काळे कापड डोक्यावर घ्यावे, आणि मालकासच, तो नको म्हणत असता, समोर दोन मीटरांवर खिडकीपाशी बसवावे. नवे भिंग घेण्याचा विचार त्यानंतरही टिकला, तर खुशाल घ्यावे.